चौकट सागाची, अ‍ॅल्युमिनियमची की यूपीव्हीसीची?

पावसाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या पत्रांत खिडक्यांचे प्रश्न सर्वांत जास्त असतात, आणि बहुतेकांना विचारायचं असतं ते एकच: सगळ्यांत चांगलं मटेरियल कोणतं? गुहागरला चालतं ते नागपूरला चालेलच असं नाही, म्हणून या वेळी मुद्दाम लांब-लांबच्या गावांची पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : गुहागरजवळ समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर चिऱ्याचं घर बांधतो आहोत. चार बाय चारच्या दहा खिडक्या आहेत. वडील सागावर ठाम आहेत, सुतार म्हणतो परसातला फणस तोडू या, भाऊ म्हणतो सगळं यूपीव्हीसी करा. कोणाचं ऐकावं?

तिघांचंही थोडं थोडं. घराच्या चारही बाजूंना पाऊस सारखा लागत नाही. आधी कुठल्या खिडक्यांवर झड येते ते पाहा. तुमच्याकडे ती नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येणार. त्या बाजूला लाकूड घातलंत तर दर एक-दोन वर्षांनी घासून पॉलिश किंवा तेल द्यावं लागेल, आणि ते काम चुकलं की तिसऱ्या पावसाळ्यात खालच्या आडव्या पट्टीचे सांधे उघडतात. तिथे यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकची चौकट, घ्या. प्लास्टिकला मीठ खात नाही. पण आतली स्क्रू, कडी, बिजागरी लोखंडी असेल तर खारी हवा तिला सोडत नाही. स्टेनलेस स्टीलमध्येही ३०४ ग्रेडवर समुद्राजवळ चहाच्या रंगाचे डाग पडतात. समुद्राच्या बाजूला ३१६ मागा.

पडवीखालच्या आणि पूर्वेकडच्या खिडक्यांना लाकूड खुशाल वापरा. साग घेताना फक्त नावावर जाऊ नका, बल्लारशाचा असला तरी नाही. वाळवी आणि बुरशी दूर ठेवण्याचा गुण सागाच्या गाभ्यात असतो. बाहेरचा पांढरट भाग वाळवीला इतर कुठल्याही लाकडासारखाच गोड लागतो. परदेशातून येणारा साग बऱ्याचदा लागवडीतला, कमी वयाचा असतो आणि त्यात हा पांढरा पट्टा रुंद असतो. चौकटीच्या चार कडांपैकी एकीवरही पांढरं दिसलं तर ती कड निदान भिंतीकडे जाऊ देऊ नका, कारण वाळवी तिथूनच शिरते.

फणसाचं सुतार चुकीचं सांगत नाही. जून फणसाचा पिवळा गाभा टिकाऊ असतो. अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली, झाड आपल्या परसातलं असलं तरी फणस राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहे, परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. दुसरी, आज कापलेलं लाकूड येत्या पावसाळ्याआधी वापरता येणार नाही. फळ्या चिरून, मध्ये काठ्या ठेवून, सावलीत रचल्या तर ढोबळ मानाने दर इंच जाडीला एक वर्ष वाळायला लागतं. ओल्या फणसाची झडप पहिल्याच वर्षी पीळ खाते.

बिल तपासायला एक हिशेब देतो. चार बाय चारच्या खिडकीला ४ इंच बाय ३ इंचाची चौकट धरली तर शिंगं (कोपऱ्याबाहेर भिंतीत जाणारी टोकं) पकडून सुमारे १७ फूट लांबी लागते, म्हणजे १.४ घनफूट. दोन झडपांना ३ बाय दीड इंचाची २४ फूट पट्टी, म्हणजे पाऊण घनफूट. कटाई-रंध्यात जाणारं १५ टक्के मिळवा. खिडकीमागे अडीच घनफूट होतं. सुतार चार सांगत असेल तर सेक्शन, म्हणजे लाकडाची रुंदी-जाडी, काय धरला आहे ते विचारा.

बसवताना तीन गोष्टी चुकतात. झडपा मे महिन्यात कोरड्या हवेत अगदी घट्ट बसवल्या की जुलैत फुगून अडकतात आणि मग सुतार कड रंधतो. डिसेंबरात त्याच जागी बोट जाईल एवढी फट पडते. पहिल्यापासून चहूबाजूंनी २ ते ३ मिलिमीटर सोडा. दुसरी चूक, चौकटीची भिंतीला टेकणारी बाजू कोरी राहते. चिरा पाणी पितो आणि ते लाकडाला पाजतो. ती बाजू आणि तळ बसवण्याआधीच काजूच्या टरफलांचं तेल किंवा डांबरी प्रायमर पाजून घ्या. कोकणात होड्यांना लावतात तेच हे तेल. हातमोजे घाला, कातडीवर उडालं तर फोड येतात. तिसरी, होल्डफास्ट (चौकट भिंतीत पकडणाऱ्या लोखंडी पट्ट्या). प्रत्येक उभ्या बाजूला तीन हवेत आणि ते काँक्रीटमध्ये पक्के हवेत, चिऱ्याच्या सांध्यातल्या मसाल्यात खोचलेले नकोत. बिजागऱ्या पितळी आणि त्यांचे स्क्रूही पितळीच. लोखंडी स्क्रूभोवती लाकूड काळं पडतं.

आणि भाऊ सरकत्या खिडक्या घेणार असेल तर त्याला हे दाखवा. बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या) २०१८ च्या इको निवास संहितेत उष्ण-दमट भागासाठी उघडणारं क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा धरलं आहे. बारा बाय दहाच्या खोलीला २० चौरस फूट झालं. दोन झडपांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, म्हणजे तीच हवी असेल तर आठ बाय पाचची करावी लागेल. बिजागरीवरची खिडकी ९० टक्के उघडते असं धरतात, तिला साडेपाच बाय चार जवळपास पुरते. बाहेर उघडणारं दारही या हिशेबात येतं. कोकणात तरी सरकत्या खिडकीचा हट्ट धरू नये असं आमचं मत आहे. चार महिने दमट हवा घरात कोंडून ठेवायची आणि मग कपाटांना बुरशी येते म्हणायचं!

प्रश्न : पुण्यात नवव्या मजल्यावर फ्लॅट आहे. पाच वर्षांपूर्वीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत. जोराच्या पावसात खालच्या ट्रॅकमधून पाणी उडून आत येतं आणि खालच्या भिंतीला ओल येते. यूपीव्हीसी केल्या तर थांबेल का?

कदाचित. पण आधी पाणी कुठल्या वाटेने येतं ते ठरवा, कारण तुमच्या पत्रात दोन वेगळे आजार आहेत. उडून येणारं पाणी आणि भिंतीतली ओल यांचं कारण बहुधा एक नाही.

उडून येणारं पाणी आधी घेऊ. ताशी ६० किलोमीटरचा वारा खिडकीवर समोरून आपटला की सुमारे १६७ पास्कल दाब देतो. एवढा दाब पाण्याला १७ मिलिमीटर वर उचलून धरतो. म्हणजे ट्रॅकमध्ये पाणी आहे आणि ट्रॅकची घराकडची कड १७ मिलिमीटरपेक्षा ठेंगणी आहे, तर पाणी उतरण्याऐवजी कड ओलांडून आत येणार. ताशी ९० किलोमीटरला हाच आकडा ३८ मिलिमीटरवर जातो. पट्टी घ्या आणि ट्रॅकच्या तळापासून आतल्या कडेपर्यंतची उंची मोजा. नवव्या मजल्यावर ती २० च्या आसपास निघाली तर मटेरियल काहीही असो, मोठ्या वावटळीत खिडकी हरणारच. नवीन खिडकी घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा. रंगाचा नंतर.

आता निचऱ्याची भोकं. ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला लांबट भोकं हवीत. साधारण ५ बाय २५ मिलिमीटरची, दर दोन फुटांना एक, आणि बाहेरच्या वाऱ्याने पाणी उलटं ढकललं जाऊ नये म्हणून त्यांवर टोप्या. कोरड्या दिवशी झडपा बंद करून ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. अर्ध्या मिनिटात ते बाहेर गेलं नाही तर भोकं बुजलेली आहेत किंवा पाडलेलीच नाहीत. सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे बाहेरून सिलिकॉन मारणारा माणूस दोरीवर लटकून, घाईघाईत, चौकटीच्या तळाची भोकंही सिलिकॉनने भरून जातो. पाणी थांबवायला बोलावलेला माणूस पाण्याची वाटच बंद करतो. ब्लेडने ते काढा, तार फिरवा आणि पुन्हा तांब्या ओता.

या तांब्याच्या वेळी आणखी एक बघा. ट्रॅकखाली ग्रॅनाइटवर, दोन्ही कोपऱ्यांत टिश्यू पेपर ठेवा. पाणी बाहेर जायच्या आधी कागद भिजला तर कोपऱ्याचा सांधा गळतो आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या चौकटीचे कोपरे कापून स्क्रूने जोडलेले असतात आणि जोडताना आत सीलंट भरलं नाही तर ट्रॅकमधलं पाणी तिथून थेट भिंतीत उतरतं. खालची ओल बहुतेक इथलीच. यूपीव्हीसीचे कोपरे वितळवून जोडतात, तिथे सांधाच उरत नाही. यूपीव्हीसीचा खरा फायदा हा आहे. जाहिरातीत मात्र उकाडा आणि आवाज पुढे असतात.

कोपरा कोरडा राहिला तर ग्रॅनाइटची पट्टी बघा. तिचा उतार बाहेरच्या बाजूला हवा, फुटाला निदान अर्धा इंच, आणि बाहेर आलेल्या भागाच्या पोटात १० मिलिमीटरची खाच हवी, म्हणजे पाणी मागे न वळता तिथून ठिबकून पडतं. कितीतरी इमारतींत पट्टी सपाट किंवा चक्क घराकडे झुकलेली असते. ती बदलली नाही तर वरची चौकट सोन्याची असली तरी उपयोग नाही.

सिलिकॉन पुन्हा मारायचं असेल तर जुनं पूर्ण खरवडून काढा. सहा ते दहा मिलिमीटरची फट ठेवा, आत फोमची गोल दोरी भरा आणि वर फटीच्या रुंदीच्या साधारण निम्म्या जाडीचं सीलंट घाला. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटला धरत नाही आणि धातूला खातं, म्हणून न्यूट्रल प्रकारचं मागा. दोन झडपा एकमेकींवर येतात तिथली ब्रशची पट्टी पाच वर्षांत झिजलेली असणार, ती बदला. एवढं करून भागलं नाही तर त्या एका बाजूची खिडकी बिजागरीवर उघडणारी, रबरी गॅस्केट दाबून बंद होणारी करा. तोवर पाऊस झोडपत असताना स्वयंपाकघरातली चिमणी आणि बाथरूमचा एक्झॉस्ट बंद ठेवा. ते घरातला दाब कमी करतात आणि बाहेरचं पाणी आत ओढायला मदत करतात.

प्रश्न : नागपुरात पश्चिमेकडे तोंड असलेलं घर आहे. गडद तपकिरी यूपीव्हीसी घेतल्यास उन्हाळ्यात घर थंड राहील असं विक्रेता सांगतो. खरं आहे का?

निम्मं. यूपीव्हीसीतून उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने नगण्य जाते हे बरोबर. पण खिडकीचा बहुतेक भाग काच असतो, आणि दुपारी तीनचं ऊन काचेतून येतं. पश्चिमेच्या ऊन्हाला छज्जाही पुरत नाही, कारण सूर्य खाली आलेला असतो. काचेच्या बाहेर काहीतरी हवं: वाळ्याचे ताटवे, बांबूची चिक, उभ्या फळ्या, झाड. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो. चौकटीवर जास्तीचे पैसे घालण्याआधी बाहेरच्या सावलीवर घाला.

रंगाचं मात्र जपा. गडद यूपीव्हीसी नागपूरच्या ऊन्हात ६५–७० अंशांपर्यंत तापू शकतं आणि हे प्लास्टिक ७५–८० च्या आसपास मऊ व्हायला लागतं. पाच फुटांची पट्टी हिवाळ्यातल्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत जवळजवळ ६ मिलिमीटर लांबते. अ‍ॅल्युमिनियमची लांबी तेवढ्याच फरकाने २ मिलिमीटर वाढते. भिंतीत फट न ठेवता ठोकून बसवलेली तपकिरी चौकट धनुष्यासारखी वाकते आणि मग कडी लागत नाही. पांढरी किंवा फिकट घ्या, चहूबाजूंनी ५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवून ती फोमने भरा. आणि लोहचुंबक घेऊन जा. यूपीव्हीसीच्या पोटात गॅल्वनाइज्ड लोखंडाची नळी असायला हवी, १.२ ते १.५ मिलिमीटर जाडीची, कोपऱ्याजवळपर्यंत सलग. चौकटीवरून चुंबक फिरवा, जिथे सुटतो तिथे लोखंड नाही. मधेच तुकडा घालून भागवलेली खिडकी असली की असं सापडते.

विदर्भात आणखी एक गोष्ट असते ती म्हणजे कूलर, आणि विक्रेता त्याबद्दल बोलत नाही. कूलर कुठल्या खिडकीत बसणार हे आताच ठरवा. सरकत्या खिडकीत तो बसवला की उरलेल्या अर्ध्या भागात दर उन्हाळ्यात प्लायवूड ठोकावं लागतं. त्या एका खिडकीला खालचा भाग कूलरच्या मापाचा, स्वतंत्र उघडणारा करून घ्या. स्टँड भिंतीला पक्का करा, चौकटीला नको. भरलेल्या टाकीचं वजन चौकट पेलत नाही. आणि क्षारांचे पांढरे ओघळ गडद रंगावर सर्वांत जास्त उठून दिसतात, हे गडद रंगाविरुद्ध आणखी एक.

प्रश्न : दादरच्या जुन्या इमारतीत लोखंडी सेक्शनच्या मूळ खिडक्या आहेत. खालून गंजल्या आहेत. काढून यूपीव्हीसी बसवू का?

आधी गंज किती खोल आहे ते पाहा. स्क्रू-ड्रायव्हरने टोचा. टोक आत गेलं तर ती पट्टी संपली. नुसतेच पापुद्रे निघत असतील आणि आत टणक असेल तर वाचते. तारेच्या ब्रशने पांढऱ्या धातूपर्यंत घासून, त्याच दिवशी झिंकचा किंवा इपॉक्सी प्रायमर, मग इनॅमलचे दोन हात. काचेभोवतीची जुनी लांबी (पुट्टी) भेगाळलेली असते आणि पाणी तिथूनच खाली उतरून तळ खातं, तेव्हा तीही काढून नवी भरा. फक्त खालची आडवी पट्टी गेली असेल तर चांगला फॅब्रिकेटर तेवढाच तुकडा कापून वेल्ड करतो.

बदलायच्याच असतील तर उजेडाचा हिशेब करा. लोखंडी पट्ट्या बारीक असतात. यूपीव्हीसीची चौकट अधिक झडप मिळून प्रत्येक बाजूला सुमारे १० सेंटिमीटर जातात. चार बाय चारच्या खिडकीत, मधली उभी पट्टी धरली नाही तरी जवळपास तीस टक्के काच कमी होते. समोर दुसरी इमारत असलेल्या दादरच्या खोलीत हे जाणवेल. अशा जागी पावडर कोटिंग केलेलं बारीक सेक्शनचं अ‍ॅल्युमिनियम बरं. जुनी चौकट काढताना भिंतीतून उपटतात, तेव्हा कडांचा गिलावा निघतोच. ते दुरुस्तीचं काम कोणाच्या अंगावर, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. सोसायटीची लेखी परवानगीही आधीच.

प्रश्न : कोल्हापुरात तीन ठिकाणांहून अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांची कोटेशनं आली. चौरस फुटाच्या दरात फार फरक आहे. तुलना कशी करायची?

दर बाजूला ठेवा आणि तिघांकडून एकाच खिडकीचं वजन मागा. अ‍ॅल्युमिनियम किलोवर विकत मिळतं, म्हणून दर कुठे कमी केला ते वजनात दिसतं. मिश्रधातू ६०६३ आहे का, सेक्शनची जाडी किती, हे लिहून घ्या. लहान खिडकीला १.२ मिलिमीटरच्या खाली जाऊ नका, पाच फुटांपुढे १.५ घ्या. कापलेल्या टोकाला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून पाहायला दुकानदार नाही म्हणत असेल तर त्याला सोडा. पावडर कोटिंग ६० मायक्रॉनच्या वर हवं. माप काढण्याची पद्धत विचारा: काहीजण भिंतीतल्या ओपनिंगवर, काहीजण तयार चौकटीवर, काहीजण लहान व्हेंटिलेटरला ठरावीक किमान क्षेत्र धरून बिल करतात.

चाकांकडे कोणी बघत नाही. काच दर चौरस मीटरला प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो भरते. पाच फूट उंच, दोन फूट रुंद झडपेत ५ मिलिमीटरची काच म्हणजे साडेअकरा किलो, आणि ते दोन चाकांवर. आवाजासाठी काच जाड किंवा दुहेरी करायची ठरवलीत तर हाच आकडा दुप्पट होतो, आणि प्लास्टिकची साधी चाकं वर्षभरात चपटी होतात. बेअरिंगची चाकं घ्या, आणि त्यांच्यावर किती किलो चालतात ते कोटेशनमध्ये लिहायला लावा.

प्रश्न : अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवरची संरक्षक टेप कधी काढायची? आणि टाइल्स धुताना ती भिजली तर चालते का?

गिलावा आणि रंग झाले की लगेच काढा. ऊन्हात महिनोन्‌महिने राहिली की गोंद भाजून बसतो आणि टेप नखाएवढ्या तुकड्यांत निघते. पाण्याने भिजली तर काही होत नाही, पण टाइल्स अ‍ॅसिडने धुवत असाल तर खिडकी उघडी ठेवू नका, वर प्लास्टिक बांधा. अ‍ॅसिड टेपच्या कडेखाली शिरलं की अ‍ॅल्युमिनियमवर पांढरे चट्टे पडतात आणि ते पुसून जात नाहीत. ओल्या सिमेंटचे शिंतोडेही तसेच खातात, सुकण्याआधी ओल्या फडक्याने पुसून घ्या.